टाकीतले पाणी किती वेळात तापेल? वाफेच्या कॉईलचा सोपा हिशेब

सूत किलोमागे काय भावाने पडले, रंगणावळ किती आली, वाहतुकीला किती गेले, हे आपल्यापैकी कोणत्याही व्यापाऱ्याला झोपेतून उठवून विचारले तरी तो बिनचूक सांगेल. परंतु त्याच्याच रंगखान्यातील टाकीचे पाणी ३० अंशांवरून ९० अंशांवर जायला किती मिनिटे लागतात, असे विचारले तर बहुतेक बंधू ‘अर्धा-पाऊण तास’ असे मोघम उत्तर देतात. अर्धा तास आणि पाऊण तास यांच्यात पंधरा मिनिटांचे अंतर आहे. दिवसभराच्या कामात हेच अंतर एक अख्खा लॉट खाऊन टाकते. ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. नुकसान सोसून शिकलो. म्हणून आजच्या लेखात वाफेच्या कॉईलने पाणी तापवण्याचा हिशेब आम्ही पायरीपायरीने मांडत आहोत. बेरीज, गुणाकार आणि भागाकार येणाऱ्या कोणालाही तो करता येईल.

आमची चूक

२००९ साली आम्ही सोलापुरात टॉवेलच्या सुतासाठी लहानसे डाईंग सुरू केले. त्यापूर्वी आम्ही सूत विकत घेऊन बाहेरून रंगवून घेत होतो. रंग चढवण्याआधी कच्चे सूत कॉस्टिक आणि साबणाच्या पाण्यात उकळून घ्यावे लागते. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असते. ते निघाले नाही तर रंग सगळीकडे सारखा बसत नाही. या उकळीसाठी आम्ही १००० लिटर पाण्याची टाकी बनवून घेतली. तिच्या तळाशी एक इंची पाईपची कॉईल होती. बनवून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले, “शेठ, अर्ध्या तासात नव्वद अंश. लिहून घ्या.”

आम्ही खरोखरच लिहून घेतले आणि त्यावर धंद्याचा सगळा हिशेब बांधला. पाणी तापायला अर्धा तास, उकळीला एक तास, सूत काढणे, टाकी रिकामी करणे व पुन्हा भरणे यांना अर्धा तास, म्हणजे एका लॉटला दोन तास. आठ तासांच्या पाळीत चार लॉट. लॉटमागे ५० किलो धरले तर दिवसाला २०० किलो सूत. याच भरवशावर एका मोठ्या पार्टीला आम्ही तारखेसह शब्द दिला.

पहिल्या दिवसापासून पाणी पाऊण तासाच्या वर वेळ घेऊ लागले. चार महिन्यांनी तर सव्वा तास लागू लागला. चार लॉटांच्या जागी जेमतेम तीन निघत, तेही ओढाताण करून. तारीख जवळ आली तशी आम्ही घाई चालवली. आमच्याकडचे जुने रंगारी चाचा म्हणाले, “शेठ, पाणी अजून सत्तरवरच आहे. आत्ता सूत सोडलं तर मेण निघायचं नाही. रंग चट्ट्याचट्ट्यानं बसेल.” आम्ही ऐकले नाही. माल गेला आणि महिन्याभरात परत आला. एकाच टॉवेलात मरून रंगाच्या दोन छटा होत्या. पार्टीने किलोमागे चार रुपये कापले. त्याहून वाईट म्हणजे पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली.

त्यानंतर गिरणीत बॉयलरवर आयुष्य काढलेले एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी टाकी पाहिली, बॉयलरचा गेज पाहिला आणि खिशातून खडू काढून भिंतीवर आकडे मांडले. शेवटी म्हणाले, “शेठ, कॉईलनं तुम्हाला फसवलं नाही. तुम्ही तिला विचारलंच नाही.” भिंतीवरचा तोच हिशेब खाली देत आहोत.

पायरी पहिली : उष्णता किती लागेल?

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो असे धरण्यास व्यवहारात हरकत नाही. आमच्या टाकीत १००० किलो पाणी, आणि ३० अंशांवरून ९० अंशांवर जायचे म्हणजे वाढ ६० अंशांची. म्हणून लागणारी उष्णता:

१००० × ६० = ६०,००० किलोकॅलरी.

यात टाकीचे पोलाद आणि आत सोडलेले सूत यांचाही थोडा वाटा असतो. पोलादाला तापायला त्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे आठव्या-नवव्या हिश्शाइतकी उष्णता पुरते, कापसाला सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी. २०० किलोची टाकी आणि ५० किलो सूत मिळून ४० किलो पाण्याइतका बोजा होतो. शिवाय उघड्या पाण्यावरून आणि टाकीच्या भिंतींवरून उष्णता निसटते. या सर्वांसाठी आपण शेवटी १० टक्के वाढवून घेऊ.

पायरी दुसरी : वाफ किती लागेल?

वाफेची खरी कमाई तिच्या तापमानात नसते. वाफेचे पुन्हा पाणी होताना जी उष्णता सुटते तिच्यात ती असते. मराठी पुस्तकांत तिला अप्रकट उष्मा म्हणतात. आम्ही उर्दू शाळेत ‘मख्फी हरारत’ या नावाने ती शिकलो होतो, मख्फी म्हणजे लपलेली. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञांनी १७६० च्या दशकात ती प्रथम नीट ओळखली आणि मोजली.

गेजवर दिसणाऱ्या दाबानुसार वाफेचे तापमान आणि ही लपलेली उष्णता ठरलेली असते. रंगखान्यात लागणारे आकडे असे:

१ किलो दाब : तापमान १२० अंश, उष्णता किलोमागे ५२६ किलोकॅलरी
२ किलो दाब : १३३ अंश, ५१७ किलोकॅलरी
३ किलो दाब : १४३ अंश, ५१० किलोकॅलरी
४ किलो दाब : १५१ अंश, ५०४ किलोकॅलरी
५ किलो दाब : १५८ अंश, ४९८ किलोकॅलरी

येथे दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरील किलो, गेजवर वाचतो तोच. आमच्याकडे कॉईलला ३ किलोची वाफ होती. म्हणून लागणारी वाफ:

६०,००० ÷ ५१० = सुमारे ११८ किलो.

दाब वाढवला की वाफेचे तापमान वाढते, पण लपलेली उष्णता थोडी कमी होते, हे तक्त्यावरून वाचकांच्या लक्षात येईल. जास्त दाबाने वाफेची बचत होत नाही. पाणी फक्त लवकर तापते.

पायरी तिसरी : कॉईल तासाला किती उष्णता देते?

कॉईलमधून पाण्यात जाणारी उष्णता तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, कॉईलचे क्षेत्रफळ. दुसरी, वाफेच्या आणि पाण्याच्या तापमानातील फरक. तिसरी, कॉईलचा गुण, म्हणजे एक चौरस मीटर पृष्ठभागातून एक अंशाच्या फरकाला तासाभरात किती किलोकॅलरी पार होतात तो आकडा. तिघांचा गुणाकार केला की तासाची उष्णता मिळते.

क्षेत्रफळ काढणे सोपे आहे. एक इंची पाईपचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.७ मिलिमीटर असतो. म्हणजे एक मीटर लांबीला ०.१०६ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. आमची कॉईल १९ मीटर लांब होती, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस मीटर.

कॉईलचा गुण बाजारात विकत मिळत नाही. तो परिस्थितीवर ठरतो. पाणी ढवळले जात नसेल आणि कॉईल बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर ५०० धरावा. क्षार चढलेल्या कॉईलला ३०० च्या वर धरू नये. पंपाने पाणी फिरत असेल तर तो ५०० च्या वर जातो, पण हिशेबात नेहमी हात राखूनच धरावे.

आता आमची कॉईल नवी असताना:

५०० × २ = १०००, म्हणजे फरकाच्या प्रत्येक अंशाला तासाला १००० किलोकॅलरी.

पायरी चौथी : वेळ किती लागेल?

चूक होते ती याच ठिकाणी. टाकी बनवणाऱ्याने काय केले होते ते पाहा. सुरुवातीला वाफ १४३ अंश आणि पाणी ३० अंश, म्हणजे फरक ११३. कॉईल तासाला १,१३,००० किलोकॅलरी देणार. ६०,००० ला तिने भागले की आले ३२ मिनिटे. झाला अर्धा तास!

गुणाकार-भागाकार बरोबर, पण हिशेब चुकलेला. कारण पाणी तापू लागले की फरक कमी कमी होत जातो. ९० अंशांजवळ तो फक्त ५३ उरतो. म्हणजे शेवटी शेवटी कॉईल सुरुवातीच्या निम्म्याहून कमी उष्णता देत असते. पहिल्या मिनिटाचा वेग पूर्ण वेळ टिकेल असे धरणे म्हणजे ईदच्या आदल्या दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षभराच्या विक्रीचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

योग्य रीत अशी. दहा-दहा अंशांचे टप्पे पाडावेत. प्रत्येक टप्प्याच्या मध्यावरचे तापमान घेऊन फरक काढावा. आमच्या टाकीत प्रत्येक टप्प्याला १०,००० किलोकॅलरी लागतात. पहिला टप्पा ३० ते ४०, त्याचा मध्य ३५. फरक १४३ वजा ३५, म्हणजे १०८. कॉईल तासाला १,०८,००० देते. १०,००० भागिले १,०८,००० गुणिले ६०, म्हणजे ५.६ मिनिटे. याप्रमाणे:

३० ते ४० अंश : फरक १०८, वेळ ५.६ मिनिटे
४० ते ५० अंश : फरक ९८, वेळ ६.१ मिनिटे
५० ते ६० अंश : फरक ८८, वेळ ६.८ मिनिटे
६० ते ७० अंश : फरक ७८, वेळ ७.७ मिनिटे
७० ते ८० अंश : फरक ६८, वेळ ८.८ मिनिटे
८० ते ९० अंश : फरक ५८, वेळ १०.३ मिनिटे

एकूण सुमारे ४५ मिनिटे. शेवटच्या दहा अंशांना पहिल्या दहा अंशांच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. आमचे कामगार सत्तर अंशांवर कंटाळून सूत सोडत होते, त्याचे कारण हेच. काम मंदावते ते शेवटच्याच टप्प्यांत.

ज्यांच्याकडे शास्त्रीय कॅलक्युलेटर आहे त्यांनी एकाच ओळीत उत्तर काढावे. सुरुवातीच्या फरकाला शेवटच्या फरकाने भागावे: ११३ ÷ ५३ = २.१३. मग ‘एलएन’ हे बटण दाबावे, ०.७५७ येते. त्याला पाण्याच्या किलोंनी गुणावे आणि कॉईलच्या गुण-क्षेत्रफळाच्या गुणाकाराने भागावे: १००० × ०.७५७ ÷ १००० = ०.७५७ तास, म्हणजे ४५ मिनिटे. दोन्ही रीतींचे उत्तर जुळते. पहिल्या पायरीत ठरवल्याप्रमाणे निसटणाऱ्या उष्णतेचे १० टक्के मिळवले की ५० मिनिटे. नव्या कॉईललाही पाऊण तासाच्या वर वेळ का लागत होता, ते आम्हाला त्या दिवशी समजले.

पायरी पाचवी : बॉयलर पुरतो का?

कॉईल मागेल तेवढी वाफ बॉयलरने दिली पाहिजे. सुरुवातीला आमची कॉईल तासाला १,१३,००० किलोकॅलरी खेचते, म्हणजे तासाला २२२ किलो वाफ. शेवटी ही मागणी १०४ किलोवर येते. सरासरी पाहून बॉयलर घेणारा सुरुवातीच्या मागणीत अडकतो.

आमचा बॉयलर ३०० किलोचा होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण बॉयलरवर लिहिलेला आकडा १०० अंशांच्या पाण्यापासून १०० अंशांची वाफ करण्याचा असतो. त्यात किलोमागे ५४० किलोकॅलरी लागतात. आम्ही ३० अंशांचे पाणी घालून ३ किलो दाबाची वाफ मागत होतो. त्याला किलोमागे सुमारे ६२४ लागतात. म्हणून ३०० × ५४० ÷ ६२४ = सुमारे २६० किलो. खरी ताकद एवढीच.

एका टाकीला हे पुरेसे होते. परंतु आम्ही दुसरी तशीच टाकी त्याच वेळी चालू करत होतो. दोघींमध्ये वाटणी झाली म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला १३० किलो, म्हणजे तासाला ६६,३०० किलोकॅलरी. ६०,००० ला तिने भागले तर ५४ मिनिटे. आता कॉईल १९ मीटरची करा की ९० मीटरची, ५४ मिनिटांच्या आत पाणी तापणे शक्यच नाही. ‘कॉईल वाढवा’ असा सल्ला देणारे बरेच भेटतात. आधी बॉयलरकडे देण्यासारखे काही शिल्लक आहे का, ते पाहावे.

मागणी जास्त झाली की बॉयलरचा दाबही पडतो. कॉईलमध्ये ३ किलोऐवजी १ किलोचीच वाफ पोहोचली तर तिचे तापमान १२०. फरक ९० वरून ३० वर येतो. त्याच स्वच्छ कॉईलला मग ४५ ऐवजी ६६ मिनिटे लागतात. म्हणून गेज फक्त बॉयलरवर असून भागत नाही. कॉईलच्या तोंडाशीही एक असावा.

पायरी सहावी : वेळ हळूहळू का वाढतो?

आमच्या बोअरचे पाणी जड होते. चार महिन्यांत कॉईलवर पांढरा थर बसला आणि तिचा गुण ५०० वरून ३०० वर आला. ४५ मिनिटांचा हिशेब त्यामुळे ७६ मिनिटांवर गेला. थर बोटाच्या नखाएवढाही जाड नव्हता. रोज अर्धा-अर्धा मिनिट वेळ वाढत गेला तर तो कोणाच्या नजरेत भरत नाही.

दुसरे कारण स्टीम ट्रॅप. वाफेचे पाणी झाले की ते कॉईलबाहेर गेले पाहिजे. ट्रॅप तुंबला तर कॉईलच्या खालच्या भागात पाणी साचते आणि तेवढे क्षेत्रफळ जवळजवळ निकामी होते. १९ मीटरपैकी ६ मीटर पाण्याने भरली तर आपल्याकडे प्रत्यक्षात १३ मीटरचीच कॉईल राहते. उलट, ट्रॅप बिघडून उघडाच राहिला किंवा कामगाराने बायपास उघडा ठेवला, तर जिवंत वाफ सरळ बाहेर जाते आणि तुमचे जळण तिच्यासोबत जाते. कॉईलला बाहेर पडण्याच्या तोंडाकडे उतार असावा आणि ट्रॅप सर्वांत खाली असावा.

काही जण कॉईलऐवजी वाफ सरळ पाण्यात सोडतात. पाणी लवकर तापते हे खरे. परंतु आमच्या उदाहरणात सुमारे १०६ किलो वाफ पाण्यात मिसळली असती. १००० लिटरचे ११०० च्या वर झाले असते. उकळीत हे एकवेळ चालेल, पण रंगाच्या टाकीत रंग पातळ होऊन छटा बदलते. शिवाय बॉयलरकडे परत येणारे गरम पाणीही हातचे जाते.

आम्ही काय केले?

अण्णांच्या सांगण्यावरून आम्ही नवी खरेदी न करता पाच गोष्टी केल्या. पैसे फारसे लागले नाहीत.

पहिली, कॉईल साफ करून घेतली आणि दर महिन्याला साफ करण्याचा दिवस ठरवला.

दुसरी, दोन टाक्या एकदम चालू करणे बंद केले. पहिल्या टाकीचे पाणी तापून उकळ सुरू झाली की मगच दुसरीची वाफ उघडायची. उकळीच्या तासात तापमान टिकवण्यापुरतीच वाफ लागते, म्हणून बॉयलरला उसंत मिळते.

तिसरी, ट्रॅपमधून येणारे गरम पाणी गटारात जात होते ते बॉयलरच्या टाकीत वळवले. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान ६ अंशांनी वाढले की जळणात सुमारे एक टक्का बचत होते, असा ठोकताळा आहे. ३० वरून ८० अंशांवर गेले तर सुमारे ८ टक्के. बॉयलरची ताकदही तेवढी वाढली.

चौथी, लॉट संपल्यावर धुण्याचे कोमट आणि स्वच्छ पाणी पुढच्या लॉटसाठी वापरले. सुरुवात ३० ऐवजी ४५ अंशांवरून झाली तर उष्णता ६०,००० ऐवजी ४५,००० लागते आणि वेळ ४५ ऐवजी ३७ मिनिटे.

पाचवी, टाकीला झाकण केले. ७० अंशांच्या वर उघड्या पाण्यावरून जी वाफ उडते ती आपल्याच पैशाने केलेली असते. पाणी मंद गतीने तापत असेल तेव्हा तर हे नुकसान जास्त वेळ चालते.

कॉईल वाढवायचे आम्ही टाळले. अर्ध्या तासात पाणी हवे असते तर आम्हाला ३ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २९ मीटर पाईप लागला असता आणि सुरुवातीची मागणी तासाला ३३५ किलो वाफेवर गेली असती. तेवढी ताकद आमच्या बॉयलरकडे नव्हती.

मुख्य बदल मात्र आमच्या वहीत झाला. तापवण्याला ५० मिनिटे, उकळीला ६०, बाकी कामाला ३०, एकूण १४० मिनिटे. आठ तासांत तीन लॉट, आणि अडीअडचणीला तासभर शिल्लक. आम्ही पार्ट्यांना तीन लॉटांचाच शब्द देऊ लागलो. काही ऑर्डरी त्यामुळे सोडाव्या लागल्या. परंतु छटेच्या तक्रारीवरून माल परत येणे थांबले आणि दोन वर्षांनी ती जुनी पार्टीही पुन्हा आली.

आपल्या टाकीची नाडी कशी पाहावी?

थर्मामीटर आणि घड्याळ एवढेच सामान लागते. कॉईल स्वच्छ असताना, एकच टाकी चालू ठेवून, नेहमीच्या दाबाला पाणी ५० अंशांवरून ६० अंशांवर जायला किती मिनिटे लागतात ते लिहून ठेवावे. ३० ते ४० हा टप्पा घेऊ नये, कारण त्यात पाईप तापण्याचा वेळ मिसळतो. आमच्या टाकीत हिशेबाने हा आकडा ६.८ आहे, प्रत्यक्षात साडेसात मिनिटांच्या आसपास येतो. दर आठवड्याला हीच मोजणी करावी. आकडा नऊवर गेला की कॉईल, ट्रॅप आणि दाब या क्रमाने तपासावे. अकरा-बारावर गेला तर त्या दिवशी नवीन शब्द कोणाला देऊ नये.

सरावासाठी एक उदाहरण

टाकीत १५०० लिटर पाणी. २८ अंशांवरून ८० अंशांवर न्यायचे. वाफ २ किलो दाबाची. कॉईल एक इंची, ३० मीटर. कॉईलचा गुण ४५० धरा. निसटणारी उष्णता सध्या सोडून द्या.

उत्तर ताडून पाहा. उष्णता ७८,००० किलोकॅलरी. वाफ सुमारे १५१ किलो. क्षेत्रफळ ३.१८ चौरस मीटर. सुरुवातीचा फरक १०५, शेवटचा ५३. वेळ सुमारे ४३ मिनिटे. सुरुवातीची वाफेची मागणी तासाला सुमारे २९० किलो. तुमचे उत्तर ३१ मिनिटे आले असेल तर तुम्हीही पहिल्या मिनिटाच्या वेगावर विसंबलात. टप्पे पाडून पुन्हा करा.

हा हिशेब फक्त रंगखान्यापुरता नाही. दुधाचा, साबणाचा, कातड्याचा, खानावळीचा, जिथे जिथे वाफेच्या कॉईलने पाणी तापते तिथे तो जसाच्या तसा लागू पडतो. आमच्या भिंतीवरचे अण्णांचे खडूचे आकडे आम्ही पुढे रंगाने पक्के करून घेतले. चाचा आता थकले आहेत, पण कधी कारखान्यात आले की आधी थर्मामीटर पाहतात, मग आमच्याकडे पाहतात. पाणी नव्वदवर असल्याखेरीज आमच्याकडे सूत टाकीत पडत नाही.